दहावी कुंडी

ठाणे, ता. ३ ऑक्टोबर १८९३

अखेर ही गेली! नववा लागला तरी घरातून पाय निघेना. आज तिचे बंधू आले आणि तिला कल्याणला, माहेरी घेऊन गेले. मागच्या पडवीतल्या दहा कुंड्या आता माझ्या गळ्यात. प्रत्येकीत निराळं भात, रोज एकेक तांब्या खाडीचं पाणी. खाऱ्या पाण्यात कोणतं भात तगतं हे हिला शोधायचं आहे — तीन वर्षं हाच ध्यास! निघतानाही बोट नाचवून, "मेलं तर मेलं म्हणून लिहा. पण गोड्या पाण्याचा थेंब घालायचा नाही!"

मी मान हलवली. कचेरीत हलवतो तशीच.

ता. ६

रोपं पिवळी पडली. हातात तांब्या घेतला की खुन्यासारखं वाटतं. जेवणही गेलं नाही. आई म्हणाली, "घरात बाळंतपण तोंडावर आलंय, आणि तहानेल्या जिवाला खारं पाणी! कुठे फेडशील हे पाप?"

ता. १२

चमत्कार! नऊ कुंड्या हिरव्यागार! फक्त दहावी रोडकी. ती कुंडी नव्हेच — खाडीकाठच्या बाळकुमच्या सगुणा आगरणीनं भात दिलं, त्याबरोबर हिनं तिच्याच घरचं मडकं मागून आणलेलं.

शेतकी खात्याच्या साहेबांना तडक पत्र लिहिलं. सही माझी, नेहमीप्रमाणे. बाईमाणसाचं पत्र साहेब वाचणार थोडाच! आणि नवऱ्यानं बायकोचं नाव लिहायचं तरी कसं?

ता. १५

साहेब एकवीस तारखेला येणार! कचेरीत सगळ्यांना सांगून झालं. दोघांना दोनदा.

ता. १७

मेलो.

पहाटे पडवीत गेलो, तर आई! अंघोळ करून, सोवळ्यात, विहिरीच्या पाण्याचा हंडा घेऊन कुंड्यांवर वाकलेली.

"आई, हे कधीपासून?"

"तू ताटावरून उठलास ना, त्या दिवसापासून. बघ कशी टवटवीत झालीत लेकरं!"

"मग दहावीला का नाही?"

"सोवळ्यात सगुणेच्या घरचं मडकं शिवू? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

रागावावं की हसावं! हसलो, मग चक्क रडू आलं. नऊ कुंड्या बाद. हिला काय तोंड दाखवू?

ता. २१

साहेबांना गोड्या पाण्याचं खरं ते सांगून टाकलं. ते नऊ कुंड्यांपुढून गेले आणि दहावीपाशी थांबले. ऑगस्टपासून निव्वळ खारं पाणी, तरी रोडक्या काडीवर लोंबी! दाणा सोलला. आत तांबडा.

सगुणेला मुद्दाम बोलावलं होतं. ती पदर तोंडाला लावून हसत होती. "यात बगाचा काय? खाऱ्यान ह्योच भात होतो. आमी तं पिड्यान्‌पिड्या ह्योच खातांव!"

साहेब गंभीरपणे म्हणाले, पुढल्या साली खाडीकाठच्या दोन एकर खाऱ्या खाजणात हेच भात लावून पाहू. "अहवाल आपल्या नावाने धाडा."

ता. २३

अहवाल लिहून झाला. सुरेख वळणदार सही ठोकली. भात सगुणेचं, हेही लिहिलं. आईनं त्यात काय केलं, ते मात्र गाळलं. उद्या टपालात टाकतो.

ता. २४

कल्याणहून पत्र. मुलगी झाली! दोघी खुशाल. अक्षर बंधूंचं, बोल हिचे —

"सासूबाईंना रोपांची दया येणार, हे ठाऊकच होतं. आणि आपण काही त्यांना अडवणार नाही, हेही. म्हणून तर सगुणेच्या घरचं मडकं आणलं. त्याला सोवळ्यात कुणी शिवलं नाही ना?"

तीनदा वाचलं. मग अहवाल काढला, माझी सही खोडली आणि खाली लिहिलं — सौ. मंदाकिनी.

लग्नानंतर पहिल्यांदाच. उखाण्याशिवाय.