हवालदाराची सोय

प्रिय सूनबाई,

हा शब्द आता कागदावर चालतो की नाही, मला ठाऊक नाही. कोर्टाने तुम्हा दोघांना एकमेकांपासून मोकळं केलं त्याला चार वर्षं झाली. पण तुला दुसरं काही म्हणायची माझ्या जिभेला सवय नाही, तेव्हा चालवून घे.

खालच्या मजल्यावरच्या गणिताच्या बाई मागच्या महिन्यात गेल्या. तू जिना धाडधाड उतरतेस म्हणून दार उघडून डोळे वटारायच्या, त्याच. भाचे आले, सगळं रीतसर पार पाडलं, दाराला कुलूप लावून परत गेले. चौथ्या दिवशी मी दूध घेऊन वर येत होते, तर बंद दारामागून काहीतरी खरवडल्यासारखं ऐकू आलं. त्यांचं मांजर, ते शून्य नावाचं गोल गरगरीत, आतच राहिलं होतं गं! भाच्याला फोन केला तर तो चाचरत म्हणाला, “अरे देवा, मांजर आमच्या ध्यानातच आलं नाही.” त्याला विचारून सुताराकडून कुलूप तोडून घेतलं. कोरड्या वाटीशेजारी बसलं होतं बिचारं. तोंड उघडत होतं, पण आवाज फुटत नव्हता. भाचे वाईट नाहीत. बाईंनी कुणाला सांगून ठेवलं नव्हतं, एवढंच. शून्य आता माझ्याकडे आहे आणि माझ्या कापडाच्या ढिगावर मालकासारखं झोपतं.

त्या दिवशी मी आपल्या हवालदाराकडे बघत बसले. अकरा वर्षांचा झाला आता कुत्रा. मागचे पाय आखडतात, जिना चढताना त्याला पोटाखालून टॉवेलने उचलून धरावं लागतं. तरी दारात येणाऱ्याची पिशवी हुंगून झडती घ्यायची ड्यूटी काही सोडत नाही. आणि मी चौऱ्याहत्तरची. छातीत पंप बसवल्यासारखी धडधड होते अधूनमधून. उद्या मीच गेले तर याचं दार कोण उघडणार?

म्हणून सरळ वकीलबाईंकडे गेले. म्हटलं, मृत्युपत्र करायचंय, कुत्रा आणि मांजर यांच्या नावे काहीतरी ठेवा. त्या हसल्या नाहीत, हे मला आवडलं. म्हणाल्या, जनावराच्या नावावर काही करता येत नाही. त्यांना सांभाळणारं माणूस नेमायचं, त्यांच्या खाण्यापिण्याची आणि औषधांची रक्कम वेगळी काढायची, आणि ती त्यांच्यावरच खर्च होते की नाही हे बघायला तिसरं माणूस ठेवायचं. मी सगळं ठरवून टाकलं. घर लेकाला. शिलाईचं दुकान विकून येईल त्यातून आधी या दोघांची सोय, उरलेलं भटक्या जनावरांवर फुकट उपचार करणाऱ्या त्या दवाखान्याला. तिन्ही मशिनी निराधार बायकांच्या वसतिगृहाला. जुनी काळी मशीन जरा अडून बसते, पण तेल दिलं की ऐकते, हेसुद्धा लिहायला लावलं मी. वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्रात असं लिहीत नाहीत. मी म्हटलं, माझ्यात लिहितात.

लेकाला सांगितलं तेव्हा तो ताटावरून उठला. “आई, दुकान कुत्र्यामांजरांवर उधळणार? लोक काय म्हणतील?” मी म्हटलं, त्या दुकानात चाळीस वर्षं वाकून माझी मान गेली, लोकांची नाही. तिसऱ्या दिवशी त्यानेच येऊन विचारलं, की हवालदाराला बघणार कोण, त्याला स्वतःला तर कामापायी वेळच नसतो. म्हणजे विरोध मावळला म्हणायचा. मी त्याला तुझं नाव सांगितलं. तो म्हणाला, “ती घेईल. पण विचारायचं तोंड आहे का आपल्याला?”

वकीलबाईंनीही नेमकं तेच विचारलं, त्यांच्या भाषेत. नेमलेल्या व्यक्तीची संमती घेतलीत का? घेतली नव्हती. संमतीशिवाय नाव घालणार नाही म्हणाल्या. ती ओळ तेवढी कोरी आहे.

तर आता खरं लिहिते. ऑफिसच्या पार्किंगमधून ते पिल्लू ओढणीत गुंडाळून तू आणलंस. रात्र रात्र जागून बाटलीने दूध तू पाजलंस. तू घर सोडलंस त्या दिवशी दोन बॅगा उचलल्यास आणि एवढंच म्हणालीस, “आई, हवालदाराला नेते.” लेक म्हणाला, कुत्रा या घरचा आहे. तू माझ्याकडे बघितलंस. मी बोलले नाही. बोलले नाही एवढंच असतं तरी बरं होतं. मी हवालदाराला बाथरूममध्ये नेलं आणि बाहेरून कडी लावली. तू जिना उतरेपर्यंत तो आतून दार ओरबाडत होता. शून्याचं खरवडणं ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा तेच आठवलं. मृत्युपत्रातून दिला असता तर तो तुला मी गेल्यावर मिळाला असता, आणि माफी मागायला मी नसते. तेवढी पळवाट मला नको. संमतीचा कागद सोबत जोडलाय, शून्याला सांभाळणार असशील तरच सही कर. नाहीतर वकीलबाई दुसरं कुणी शोधतील. हवालदाराचं मात्र विचारत नाही, तो तुझाच आहे. रविवारी सकाळी ये आणि त्याला घेऊन जा. दार मी उघडं ठेवते. लेकाला त्या वेळी बाहेर पाठवू का, ते तेवढं कळव.

तुझीच, अजून म्हणावंसं वाटत असेल तर,
आई