मंडपाच्या कापडावर हॉलिवूड

६ जुलै, रविवार. सकाळी ९.१०
आजपासून रोजनिशी. कारण एवढंच की या गावात माझं पूर्ण ऐकून घेणारं दुसरं कुणी नाही.
नोंद: हार्ड डिस्कवर जुने हॉलिवूडचे चित्रपट आज ४१२ झाले. सगळे ब्लॅक अँड व्हाइट, सगळे १९६०च्या आधीचे, सालवार लावलेले. मिरजगावच काय, अख्ख्या कर्जत तालुक्यात असा संग्रह नाही. नगरला एक डॉक्टर आहेत म्हणतात, पण त्यांच्याकडे रंगीतही आहेत. म्हणजे बाद.
संकल्प: यंदा गावात फिल्म क्लब काढायचाच. हा संकल्प २००९पासून आहे, पण यंदा तो पक्का आहे.
काल रोहिणीला मुद्दाम शेजारी बसवून एक चित्रपट लावला. अकराव्या मिनिटाला उठली. म्हणाली, दोन ब्लाउज शिवायचे राहिलेत. तोवर मी फक्त सहा वेळा पॉझ केलं होतं, तेही प्रकाशयोजना समजावण्यापुरतं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, बाईला रसिकता लागली नाही. ती शेजारच्या खोलीत मशीनवर बसते. मी मात्र मोठ्याने समजावत राहतो. भिंतीला तरी कळावं.

९ जुलै, बुधवार
स्टँडवर गहिनीनाथ मंडपवाला भेटला. आषाढ लागला, लग्नं बंद, त्याचं गोडाऊन रिकामं. म्हणाला, सर, रविवारी चार वाजता गोडाऊनमधी इंग्लिश पिक्चर लावतोय, जुना, काळा-पांढरा. तुमी या.
मला हसू आवरेना. याला नववीत इंग्रजीत मी स्वतः दोनदा नापास केलंय.

१३ जुलै, रविवार. संध्याकाळी ७
गेलो नाही. गच्चीवर वाळत घातलेल्या डाळीकडे लक्ष देत होतो. गच्चीवरून गोडाऊनचं दार दिसतं, हा योगायोग. आत गेलेली माणसं: त्रेचाळीस. बाहेर आलेली: त्रेचाळीस. मध्येच कुणी उठलं नाही.
रोहिणी ब्लाउज पोचवायला म्हणून साडेतीनला गेली ती सहाला आली. रस्त्यात गर्दी होती म्हणे.

१४ जुलै, सोमवार
स्टाफरूममध्ये दुसरा विषय नाही. शाळेचा शिपाई बजरंग म्हणाला, सर, काय पिक्चर हुता! लिफ्टवाल्याचा. शेवटी लिफ्ट बंद पडती अन् दोघं आतच राहत्यात. लई भारी.
१९४१. माझ्या यादीत सत्त्याण्णवावा. मी बजरंगला गेली आठ वर्षं हाच चित्रपट सांगतो आहे. दरवेळी त्याला घंटा द्यायची आठवण होते.
मला मत्सर वाटत नाही. मत्सर बरोबरीच्या माणसाचा वाटतो.

२० जुलै, रविवार. संध्याकाळी ७.३०
गेलो. निरीक्षणासाठी. मागच्या दाराने, शेवटच्या रांगेत.
नोंदी: पत्र्याचं गोडाऊन, खाली लग्नातल्या गाद्या. पडदा म्हणजे मंडपाचं पांढरं कापड, त्याला चुण्या. नायकाचं नाक दोन ठिकाणी मोडत होतं. वरची थर्माकोलची 'शुभविवाह' अक्षरं कुणी काढलीच नव्हती. सगळी प्रेमप्रकरणं त्याखाली. गहिनीनाथ आवाज बारीक करतो आणि माईक हातात घेऊन आपल्या भाषेत सांगतो. वहीत बघून सांगतो. म्हणजे सरळ सरळ नक्कल. नायिकेसोबत राहणारी मिस अमुक तमुक त्याने तिची आत्या करून टाकली. खजिनदाराला केलं सोसायटीचा सेक्रेटरी. कॅमेऱ्याबद्दल एक शब्द नाही. दिग्दर्शकाचं नाव नाही. साल नाही!
लोक मात्र गप्प बसून बघत होते. झुंबरबाई म्हणून एक ऊसतोडीला जाणाऱ्या आजीबाई आहेत, त्या शेजारणीला सांगत होत्या की या पिक्चरमधली माणसं एकमेकाचं बोलणं पुरं होऊ देत्यात, म्हणून बरं वाटतं बघाया. आपल्याकडं कोन कुनाचं ऐकतंय? मारामारी न्हाई, नाचनं न्हाई, कपडे इस्त्रीचे.
तीस वर्षं मी जे मांडायला बघतोय त्याचा या बाईने चुथडा केला.
शेवटी नायिका स्टेशनवर एकटी उरते तेव्हा माझ्या डोळ्यात काहीतरी गेलं. गोडाऊनमध्ये धूळ फार.

२१ जुलै, सोमवार
निर्णय. अस्सल चीज समोर आली की नक्कल आपोआप मरते. येत्या रविवारी, चार वाजता, शाळेच्या हॉलमध्ये 'भागवत सरांचा फिल्म क्लब'. बोर्डावर रंगीत खडूने स्वतः लिहिलं. अपेक्षित उपस्थिती: दोनशे. खुर्च्या कमी पडतील अशी भीती वाटते.

२७ जुलै, रविवार. संध्याकाळी ६
उपस्थिती: चार. बजरंग (हॉलची किल्ली त्याच्याकडे असते). निवृत्त मुख्याध्यापक (पंख्याखाली झोपले). दोघं मिरजगावच्या बाहेरचे, आधार अपडेटचा कॅम्प आहे असं समजून आले आणि मी थांबवल्यामुळे थांबले.
प्रास्ताविक 'छाया आणि प्रकाश: एक चिंतन'. पन्नास मिनिटं. उत्तम झालं. मग चित्रपट लावला आणि लाईट गेली. चौघेही टाळ्या वाजवून उठले.
महावितरणमुळे क्लबचं नुकसान झालं, एरवी कार्यक्रम यशस्वी. आणि हो, गहिनीनाथकडे जनरेटर आहे. आज त्याच्याकडे एकशे दहा माणसं होती म्हणे. रोहिणी माझ्या कार्यक्रमाला आली नाही. ब्लाउज पोचवायला गेली होती. लग्नसराई नसताना एवढे ब्लाउज कोण शिवतं?

३ ऑगस्ट, रविवार
छडा लागला! गहिनीनाथने आजवर लावलेले चारही चित्रपट माझ्या हार्ड डिस्कवरचे आहेत. लिफ्टवाला, स्टेशनवाली, ते दीपगृह आणि आजचा न्यायाधीश. तसाच क्रम, मी रोहिणीला दाखवायला घेतले होते तोच. माझा निळा पेन ड्राईव्हही जागेवर नाही. म्हणजे चोरी. घरात येऊन चोरी! रोहिणीला म्हटलं तर म्हणाली, कुलूप लावत जा.
चांगली बातमी: रोहिणीला अखेर गोडी लागते आहे. परवा आपणहून विचारलं की तो फेरीबोटीचा पिक्चर आहे ना, त्यातला तो शहरातून येणारा मुलगा त्या बोटवालीचा कोण लागतो? मी चाळीस मिनिटं सांगितलं. बोट काकाची. काका वारला, बोट त्याची मुलगी चालवते. पुतण्या बोट विकायला येतो आणि तिच्या प्रेमात पडतो. १९४८. म्हणजे चुलत भाऊ, मी म्हटलं. तिने नुसतं हं केलं आणि विचारात पडून मशीनवर जाऊन बसली. सव्वीस वर्षांच्या कष्टाला फळ आलं.

७ ऑगस्ट, गुरुवार
बातमी अशी की या रविवारी गहिनीनाथ तोच फेरीबोटीचा लावणार. पाहू. जाहीर परीक्षा घ्यायची. पहिली चूक झाली की उभं राहायचं, नम्रपणे, सप्रमाण. गाव एका क्षणात ओळखेल, खरा कोण आणि वहीत बघून बोलणारा कोण. हे सूड म्हणून नव्हे. कलेच्या बाजूने कुणीतरी उभं राहिलं पाहिजे.

१० ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी ८
शांतपणे लिहितो.
गोडाऊन भरलेलं, दीडशेवर माणसं. काल राखीपौर्णिमा झाली, त्यामुळे माहेरपणाला आलेल्या लेकी, त्यांचे भाऊ, सगळी एकत्र बसलेली, हातात राख्या. गहिनीनाथ सुरू झाला. म्हणाला, ही बोट हिच्या बापाची. आन् हा जो टोपीवाला आलाय ना, हा हिच्या आत्याचा पोरगा. म्हंजे ही त्याच्या सख्ख्या मामाची पोरगी. गोडाऊनभर बायका हसल्या. झुंबरबाई म्हणाल्या, मंग आडवं कोन यायलंय, हक्काचीच हाय की.
चूक सापडली. उभा राहिलो. म्हटलं, माफ करा, ही माहिती चुकीची आहे. मुलगा आत्याचा नाही. दोघांचे वडील सख्खे भाऊ. पाटीवर एकच आडनाव आहे ते बघा. ती त्याची चुलत बहीण आहे.
दीडशे माना पाटीकडे वळल्या. तेवढ्यात कापडावर, 'शुभविवाह'च्या खाली, त्याने तिचा हात धरला.
पुढचं सगळं फार लवकर झालं. पहिल्या रांगेतली एक सासुरवाशीण भावाशेजारून उठली. कुणीतरी अरारारा म्हणालं. झुंबरबाईंनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, भाऊ-बहिनीचं असलं दाखवताय व्हय रं, राखीच्या दुसऱ्या दिशी? बाया पोरींना हाताला धरून बाहेर. दहा मिनिटांत गोडाऊनमध्ये गाद्या उरल्या, गहिनीनाथ उरला आणि मी.
गहिनीनाथ माझ्यावर ओरडला नाही. वही मिटून नुसता म्हणाला, सर, खरं आसंल तुमचं. आता काय करायचं त्याचं?
मी जिंकलो. जिंकल्यावर इतकं गप्प असतं हे माहीत नव्हतं.

११ ऑगस्ट, सोमवार
रोहिणी बोलत नाही. भाजीत मीठ बरोबर आहे, म्हणजे राग खरा आहे.

१३ ऑगस्ट, बुधवार. दुपारी ४
मशीनच्या खणात कात्री शोधत होतो. माझा निळा पेन ड्राईव्ह सापडला. त्याखाली दोनशे पानी वही. गहिनीनाथची वही. अक्षर रोहिणीचं.
लिफ्टवाला, स्टेशनवाली, दीपगृह, न्यायाधीश. संवाद न् संवाद, आपल्या बोलीत. समासात माझी वाक्यंही आहेत, मी भिंतीला सांगितलेली, त्यातली बहुतेक खोडलेली. फेरीबोटीच्या पानावर लिहिलं होतं: 'चुलत भाऊ चालणार नाही. आत्याचा मुलगा करणे.'
ती दारात उभी होती. मी विचारलं, म्हणजे तू माझे सगळे चित्रपट पाहिलेस? म्हणाली, ऐकले. सव्वीस वर्षं. पाहू दिले कधी? म्हणाली, परवा तुमचंच बरोबर होतं. तुमचं नेहमी बरोबरच असतं. म्हणून कुणी शेजारी बसवत नाही.
यावर मला उत्तर सुचलं नाही. रात्रीपर्यंत सुचेल म्हणून जागा सोडून ठेवतो.

१४ ऑगस्ट, गुरुवार
सुचलं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार
गोडाऊन उघडं होतं. आले कोण? रोहिणी, गहिनीनाथ आणि एक कुत्रं. गच्चीवरून, उघड्या दारातून पाहिलं. डाळ वगैरे काही वाळत घातलेली नव्हती. रोहिणी रिकाम्या गाद्यांसमोर माईक घेऊन उभी होती, मग ठेवून दिला.
आत्तापर्यंत वाटत होतं की मला गहिनीनाथचा हेवा वाटतो. कबूल, वाटत होता. पण तो चुकीच्या माणसाचा होता. हेवा मला माझ्या बायकोचा वाटतो. माझ्याकडे ४१२ चित्रपट आणि तिच्याकडे दीडशे माणसं. तीही मी घालवली.

२१ ऑगस्ट, गुरुवार
गहिनीनाथ सांगून गेला की येता रविवार शेवटचा, नंतर गणपतीच्या मंडपाला कापड लागेल. रोहिणीने घरोघर जाऊन निरोप दिला. झुंबरबाई म्हणाल्या म्हणे, आधी त्या पोरीचं नातं काय ते पक्कं सांगा, मग येतो.
उपाय एकच आहे. तत्त्वाला धरून नाही. १९४८च्या त्या पाटीवर आडनाव स्पष्ट दिसतं. मी पुन्हा पॉझ करून पाहिलं.

२४ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी ७.४५
लोक आले, पण दारात उभे. बसायला कुणी तयार नाही. रोहिणी माईकजवळ, माझ्याकडे बघत नव्हती.
मी पुढे गेलो. प्रास्ताविक तयार केलेलं होतं, तीन पानी. खिशातच राहिलं. म्हटलं, मंडळी, माझी चूक झाली. मी नीट ऐकलं नाही. ती त्याच्या मामाचीच मुलगी.
दीडशे माणसांनी सुटल्यासारखा श्वास टाकला आणि ती गाद्यांवर बसली. टाळ्याही पडल्या. माझ्या हयातीत मला मिळालेल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या, आणि त्या मी चुकलो म्हणून. झुंबरबाईंनी मला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. म्हणाल्या, जाऊ द्या सर, इंग्लिश अवघडच आसतंय. समद्यांनाच न्हाई जमत.
बत्तीस वर्षं मी इंग्रजी शिकवतो आहे. मान हलवली.
रोहिणीने स्वतः माईक घेतला आणि फेरीबोट पहिल्यापासून लावली. एकदाही पॉझ नाही. बोटवाली बापाची टोपी खुंटीवरून काढते तिथे रोहिणीने माईक खाली घेतला, आणि सगळं गोडाऊन थांबलं. हा प्रसंग मी अकरा वेळा पाहिला आहे. त्यात टोपी आहे हे मला माहीत होतं, पण काढल्यावर बोटवाली तिचा वास घेते हे मी आज पाहिलं.
पुढचा तासभर झुंबरबाई मला कानात एकेक गोष्ट समजावून सांगत होत्या. हा वाईट माणूस हाय बरं का सर. ही आता रडंल बघा. मधे मधे थांबून विचारायच्या, कळतंय न्हवं? मी दरवेळी व्हय म्हणत होतो.