चावून दिलेला घास

प्रिय आक्का,

समोर चौदा दिवसांच्या गोळ्या ठेवून लिहायला बसलेय. सोमवारपासून तशाच पडल्यात. आज पहिली घेणार, पण तुला सांगितल्याशिवाय कशी घेऊ?

तू होतीस तोवर दोन ओळीसुद्धा लिहिल्या नाहीत. हडपसर ते मांजरी, त्यात काय लिहायचं? रिक्षात बसलं की भांडायला समोर!

तुझ्या घशातून दुर्बीण घातली तेव्हा डॉक्टरांनी पोटातला एक कण संशोधनासाठी मागितला होता. मी म्हटलं, "आधी बरं करा, मग संशोधन करा." तू मात्र सही करून मोकळी झालीस. वर मलाच म्हणालीस, "कुणाच्या तरी कामी येऊ दे की गं. तुझ्या ओरडण्यानं थोडंच बरं व्हणार हाय ते?"

त्या अवस्थेतही टोमणा!

आता ऐक. तुझ्या पोटात एक जंतू होता, स्क्रूसारखा पिळदार. कितीतरी जणांच्या पोटात असतो म्हणे, आणि गप पडून राहतो. तुझ्या पोटात मात्र वर्षानुवर्षं जखम करत राहिला, आणि त्यातून कॅन्सर झाला. प्रयोगशाळेतल्या एका मुलीनं तो वाढवला आणि त्याच्या आतलं सगळं लिखाण यंत्रावर वाचून काढलं. लाखो अक्षरं!

मी विचारलं, "बाराखडी केवढी असते त्याची?"

"चारच अक्षरं, मावशी. तीच उलटसुलट."

"चारच? मग मला जमलं असतं की! उगाच चौथीत शाळा सोडली."

किती हसली ती! तुला आवडली असती.

मग सख्खी बहीण म्हणून माझीही दुर्बीण झाली. जंतू माझ्यातही निघाला. सोमवारी ती मुलगी घरी आली. तिनं दोन्ही जंतूंची अक्षरं शेजारी शेजारी लावून पाहिली होती. थोडा फरक सोडला तर दोन्ही एकच, म्हणजे एकीच्या तोंडातून दुसरीकडे गेलेला. मला म्हणाली, "मावशी, लहानपणी तुम्हाला कोण भरवायचं?"

मी तुझंच नाव सांगितलं. दुसरं कुणाचं सांगणार?

आई खुरपणीला जायची. तू असशील आठ वर्षांची. मला काखेत घेऊन उसाच्या बांधावर बसायचीस, भाकरी चावून मऊ करायचीस आणि तो घास काढून माझ्या तोंडात घालायचीस. स्वतःचं पोट अर्धं ठेवून. त्या उसाच्या जागी आता काचेच्या इमारती आहेत, माझी सून तिथंच संगणकावर कामाला जाते. तुझा घास मात्र माझ्या पोटात अजून जिवंत आहे, आक्का.

मग जंतू मारायच्या या गोळ्यांनी तुला पोटातून हुसकून लावू? कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील, म्हणून चार दिवस गप्प बसले.

आणि खरं सांगू? मला बरं होण्याचीच लाज वाटत होती. तू दोन वर्षं म्हणत होतीस, पोटात जळतंय. खायचा सोडा पाण्यात टाकून पीत होतीस. मी काय म्हणाले? "मिरची कमी खा आणि नाटकं कमी कर." तेव्हाच ओढत डॉक्टरकडे का नेलं नाही मी? सगळीकडे घाई करणारी मी, तिथंच कशी थंड बसले? आणि तू तरी! एकदा माझ्यावर ओरडली का नाहीस?

आज सकाळी नातीला भरवत होते. आठ महिन्यांची आहे. बोलता बोलता भाकरीचा तुकडा चावला, दोन बोटांनी काढला आणि तिच्या ओठांपाशी नेला. तिनं आ केला होता. हात तिथंच थांबला गं! तो घास मी गिळला. तिनं जे भोकाड पसरलं! मग दुधात भाकरी कुस्करून दिली, तर तीही मिटक्या मारत खाल्ली.

तुझा जंतू त्या मुलीनं नळीत घालून बर्फाहून गार पेटीत ठेवलाय. मी म्हटलं, "नळीवर आक्का लिही." तर म्हणते, नाव लिहायचं नसतं, नंबरच. मे महिन्यात गोधडी घेणारी तू, आता बस तिथं गारठ्यात! पण आहेस, हे बरंय.

चौदा दिवस एकही गोळी चुकवणार नाही, आक्का. नातीला चावून घास देणार नाही. आणि तिला कळायला लागलं की सांगेन, तुझी आजी कुणाच्या तोंडच्या घासावर जगली ते.

पाण्याचा तांब्या भरून ठेवलाय. घेते आता.

तुझ्या उष्ट्यावर वाढलेली,
शेवंता