सरिताच्या आईचे नाव

मी, प्रताप यशवंत जुन्नरकर, वय ७३, निवृत्त ड्राफ्ट्समन, राहणार डँडेनॉन्ग, मेलबर्न, पूर्ण शुद्धीत हे लिहीत आहे. डॉक्टरांनी फोनवर आजची तारीख आणि वार विचारून तशी खात्री करून घेतली. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकायला घरात आता कोणी उरलेले नाही.

माझे आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. माझी पत्नी सरिता २१ जुलै रोजी कोविडने इस्पितळात वारली. अंत्यविधीवाल्या बाईंनी नोंदणीसाठी फोनवर माहिती विचारली. मृताच्या आईचे नाव आणि माहेरचे आडनाव? मला सांगता आले नाही. दाखल्यावर 'अज्ञात' असे छापून आले. हे नवे मृत्युपत्र त्या शब्दापायी आहे.

१. राहते घर आणि बँकेतील सर्व रक्कम मुलगा सलिल यास. तो शेजारच्या राज्यात, स्कोफिल्ड्सला असतो. राज्याची सीमा बंद असल्याने त्याने आईला शेवटचे पडद्यावर पाहिले. त्याबद्दल माझा राग नाही. "बाबा, एकेचाळीस वर्षांत यू नेव्हर आस्क्ड हर?" असे तो त्या आठवड्यात म्हणाला, त्याचा आहे. खरे बोलला म्हणूनच आहे.

२. माझी ३१२ कार्डे. आमचे हे राज्य एकोणिसाव्या शतकात व्हिक्टोरिया नावाची ब्रिटिश वसाहत होते, तेव्हा तिच्या स्वयंसेवक पलटणींत जे शिंपी, सुतार, पाववाले बंदूक धरायला शिकले, ते कोण, कुठून आले, आई कोणाची लेक, हे मी बावीस वर्षे दफनभूमी आणि दफ्तरे धुंडाळून लिहिले. सुरुवातीला मोठी घोडचूक केली. आपल्याकडे मधले नाव बापाचे, म्हणून जॉन वॉल्टर हिगिन्सचा बाप वॉल्टर, असे धरून मी चाळीस जणांना भलतेच बाप चिकटवले. इथल्या इतिहास मंडळाचे चिटणीस डग्लस पेरी हा किस्सा दर ख्रिसमसच्या जेवणात सांगत. पुढे माझ्याच कार्डांवरून पुस्तक निघाले, त्यावर नाव पेरींचे. माझे शेवटच्या पानावर, चहा करणाऱ्यांच्या यादीत.

सरिता जाऊन नऊ दिवस झाले असताना त्यांचा फोन आला. "व्हेरी सॉरी, मेट. नो वरीज, सावकाश दे. पण उरलेली कार्डं गुरुवारपर्यंत जमतील का?" त्यांना एकही कार्ड मिळू नये. ज्या कार्डांमागे वंशजांचे पत्ते आहेत ती त्या वंशजांना टपालाने पाठवावीत, बाकीची रद्दीत घालावीत.

३. बादली, तारेचा ब्रश आणि सरिताच्या सगळ्या साड्या सूनबाई ईशानीस. दर रविवारी मी दफनभूमीत वही घेऊन उभा असे आणि सरिता गुडघ्यांवर बसून थडग्यांवरचे शेवाळ घासत असे. अक्षरे तिने उघडी केली, वाचली मी. एकदा घासता घासता म्हणाली, "माझ्या आईचं पण एक कार्ड करा ना."

मी म्हणालो, "कुठल्या पलटणीत होती ती?"

ती हसली. मीही हसलो. पुन्हा तिने तो विषय काढला नाही. त्या वेळी हातात कोरे कार्ड होते, पेन होते, आणि जिला ते नाव ठाऊक होते ती समोर बसली होती.

तिची आई ती चार वर्षांची असताना गेली. गेल्या महिन्यात मी मिरजेला तिच्या चुलतभावाला, नंदूला, फोन केला. आता त्या पिढीतला तोच एक. "आम्ही थोरली काकूच म्हणायचो, भाऊजी. बायकांचं नाव कोण घेत होतं तेव्हा?" एवढेच म्हणाला. जुनी कागदपत्रे पुरात गेली. त्यामुळे कोणी शोध घ्यावा असेही मी लिहू शकत नाही. हे काम माझे होते आणि ते आता होणार नाही.

४. माझे दहन करावे. भाषण नको, मंडळाचे फूल नको. माझ्या मृत्यूच्या नोंदीतही आईचे नाव आणि माहेर विचारतील. मला दोन्ही ठाऊक आहे. चार पिढ्यांपर्यंत ठाऊक आहे. सलिलला नाही, कारण त्याने कधी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. ते मी इथे लिहिणार नाही, अन्यत्रही ठेवलेले नाही. म्हणजे त्याला खोटे बोलावे लागणार नाही. त्यानेही फोनवर 'अज्ञात' असेच सांगावे, आणि ते सांगताना कसे वाटते ते लक्षात ठेवावे.

वरील मजकूर माझ्या हातचा असून त्याखाली मी साक्षीदारांदेखत सही करीत आहे. दोघे मास्क लावून कुंपणापलीकडे उभे आहेत. त्यांनी सही पाहिली, मजकूर वाचलेला नाही. दोघांनाही यातून काही मिळायचे नाही.

(सही) प्रताप यशवंत जुन्नरकर

साक्षीदार:
(सही) यामिनी हृषिकेश बर्डे, शेजारीण
(सही) रविंद्र कुमार, शेजारी

स्थळ: डँडेनॉन्ग
दिनांक: १४ सप्टेंबर २०२०