मजुरी मावळतीच्या आत

निपाणी. रविवार, ता. ६ मार्च १९३८. दुपारी सव्वाबाराला मी, नवा कारकून, वखारीत हजेरीबुकाची बेरीज दुसऱ्यांदा तपासत होतो.

तंबाखू निवडणाऱ्या चौतीस बायका. बेरीज जुळली. काल शब्बाथ, म्हणजे शुक्रवारी दिवस मावळल्यापासून शनिवारी तारे दिसेपर्यंतचा आमचा विसावा, नीट पाळला. निपाणीत आम्हा इस्राएल लोकांपैकी मी एकटाच, तरी पैशाला हात नाही, लेखणीला नाही, चुलीला नाही. मालक आप्पांनी नोकरी देतानाच कबूल केलं होतं: शनिवारी सुट्टी, बदल्यात रविवारी काम. बेळगावला बाबांनी हे कळवणारं माझं पत्र कॅम्पात घरोघर वाचून दाखवलं म्हणे.

एकला मजुरी वाटली. गंगूआक्का पैसे पदरात बांधताना म्हणाली, "दावीददादा, शनवारी तुमी सुट्टी घेतायसा, आन् आमची चूल बी सुट्टी घेतीया." बायका हसल्या. मीही हसलो. समजलं नव्हतं.

सोमवार, ७ मार्च.
समजलं. तिलाच विचारलं. जुने कारकून होते तोवर मजुरी शनिवारी संध्याकाळी मिळे. आता पैशाच्या पेटीची किल्ली माझ्याकडे, म्हणून रविवारी. त्यासाठी बायका लांबून पुन्हा चालत येतात.

"परवा रातीला पोरास्नी कण्या शिजवल्या, त्या बी उसन्या." रागाने नाही म्हणाली. त्याचंच जास्त...

तीन आठवडे. चौतीस जणींची मजुरी तीनदा रात्रभर माझ्या किल्लीखाली, आणि मी दिव्यासमोर प्रार्थना म्हणत होतो.

शब्बाथ जितका आमच्या शास्त्रात, तितकंच हेही: रोजगाऱ्याची मजुरी रात्रभर ठेवायची नाही, त्याचा जीव तिच्यात असतो. एकदा घराच्या भिंतींना चुना देणारा गडी मजुरी न घेताच गेला, तर बाबा, पेन्शनर हवालदार, अनवाणी त्याच्यामागे बाजारापर्यंत. मावळायच्या आत गाठला. मला तेव्हा लाज वाटली होती.

बुधवार, ९ मार्च.
तोडगे लिहून काढले. शनिवारी मीच वाटावी तर शब्बाथ मोडतो. तारे दिसल्यावर वाटावी तर बायका अंधारात गावी कशा जाणार? उरलं एकच. शुक्रवारी, दिवस मावळायच्या आत, शनिवारच्या रोजासकट.

आप्पांना सांगितलं.

"न केलेल्या कामाचं पैसं? शनवारी एक बी यायची न्हाय. मग तंबाखू कोण निवडणार रं, तुझा देव?"
"जी येणार नाही तिचा रोज माझ्या पगारातून कापा."
"आन् निम्म्या न्हाय आल्या तर?"
"किल्ली परत घ्या. नोकरीही."

आप्पांनी कागद पुढे सरकवला. "लिहून दे." दिलं. एकही खाडाखोड नाही.

शुक्रवार, ११ मार्च. सायं. सहा वाजून दहा मिनिटे.
चारला वाटायला बसलो. दोनदा मोजून एकेकीच्या हातात.

गंगूआक्का: "उद्याचं बी? आन् न्हाय आले तर? तुमी तर उद्या बघायला बी न्हाय."
"नाही."
"मग कुणाच्या भरवशावर दिलंसा?"
"तुमच्या."

या वेळी कोणी हसलं नाही. तिने पदराला गाठ मारली, पुन्हा एक मारली, आणि गेली.

उद्या तारे दिसेपर्यंत मला काही कळणार नाही. वखारीच्या रस्त्याला फिरकायचंही नाही, ठरवलं आहे. पण बाबांना लिहीन: पायात वहाणा होत्या, तरी मावळायच्या आत गाठलं.

दिवा लावायची वेळ झाली. एवढं टिपून लेखणी ठेवतो.

वाटले, ३४ जणी, आठवड्याचे दरेकी १ रु. २ आ.: ३८ रु. ४ आ.
पैकी उद्याचा रोज, माझ्या जामिनावर: ६ रु. ६ आ.
माझा पगार, महिना: १८ रु.
दिव्याचे तेल: २ आ.
आज रात्री वखारीकडे बायकांची येणेबाकी: काही नाही.