गमबूट घालून आलेलं नाव

आदरणीय हाल्डोराताईंना ओद्दुरचा सप्रेम नमस्कार.

गुडघा कसा आहे? तुमच्या उत्तरेकडचा बर्फ वितळला का? इथे खाडीकाठी सगळं ठीक. मेंढ्याही मजेत आहेत, फक्त थोरला मेंढा माझ्यावर रुसलाय (का, ते त्यालाच ठाऊक). पत्रास कारण तसं विशेष नाही. सोलरूनच्या मुलीचं बारसं झालं आणि गुडघ्यापायी तुमचं येणं हुकलं, म्हणून सविस्तर कळवतो.

आपल्यात चर्चमध्ये पाद्री विचारेपर्यंत बाळाचं नाव फोडत नाहीत, त्यामुळे तोवर पोरगी नुसती ‘पोरगी’ होती. मीही लेकीला विचारलं नाही. आजोबाने नाव विचारणं म्हणजे ते मागणंच की! पण माझ्या मनात कुठलं नाव होतं हे तुमच्या बहिणीच्या नवऱ्याने तुम्हाला सांगायला नको. ती गेल्यापासून या घरात ते कुणी मोठ्याने उच्चारलेलं नाही. पुन्हा ऐकू यावं असं फार वाटत होतं, ताई.

त्यात स्वप्नाची भानगड. सोलरूनचे दिवस भरत आले असताना तिच्या स्वप्नात एक म्हातारी आली, पलंगावर बसली आणि म्हणाली, मी इथेच राहणार. गेलेल्याने स्वप्नात मुक्काम मागितला म्हणजे बाळाला आपलं नाव मागितलं, आणि गेलेल्या माणसाला नाही म्हणायची कुणाची छाती आहे? पण अंधारात तोंड दिसलं नाही. दिसले ते फक्त गमबूट, चिखलाने भरलेले, पायात तसेच. झालं! जावयाची आई, आपली उन्नुर, टाळी वाजवून म्हणाली, “ही आमची आईच! हेर्दिस! जन्मात कधी दाराशी बूट काढले नाहीत तिने.” तुमच्या बहिणीने बूट घालून घरात आलेल्या डॉक्टरलासुद्धा परत दाराशी पाठवला होता. ती बुटांसकट पलंगावर बसेल हे मी तरी कुठल्या तोंडाने म्हणू?

मग (सहज म्हणून) मी पाद्रीबाईंकडे माझ्या मनातल्या नावाची, मार्ग्रेटची, चौकशी केली. त्या खुलल्याच. म्हणाल्या, मूळ शब्द ग्रीक, अर्थ मोती, आणि ग्रीकांनीही तो पूर्वेकडून उचललेला. काही पंडित तर त्याचं नातं थेट हिंदुस्थानातल्या ‘मंजरी’शी जोडतात. (मंजरी म्हणजे काय ते मला विचारू नका.) एवढा प्रवास करून ते नाव आमच्या खाडीत आलं, जिथे हेरिंग मासे सोडून काही सापडत नाही, आणि आता ते एका गमबुटाच्या जोडीपायी अडणार, याचं मला वाईट वाटलं.

बारशाच्या सकाळी बेकरीतून केक आणायचं काम माझ्याकडे आलं. केकवर नाव लिहिलेलं, खोका बंद. मी झाकणाला हात लावला नाही. पण वळणावर रस्त्यात मेंढ्या (माझ्याच), मी ब्रेक दाबला आणि केक पुढे आपटला. उघडून पाहतो तर नाव सगळं झाकणाला चिकटलेलं! शपथेवर सांगतो, वाचलं नाही. (चष्मा घरी राहिला होता.) केक चमच्याने सारखा केला आणि बिननावाचा नेऊन दिला. उन्नुर अजून बोलत नाही. ती आणि मेंढा मिळून दोघं झाले.

चर्चमध्ये पाद्रीबाईंनी विचारलं, बाळाचं नाव काय? सोलरून म्हणाली, “मार्ग्रेट.” आणि ताई, मी दुसऱ्या बाकावरून खणखणीत आवाजात म्हणालो, “ती गोठ्यात आहे, बोलावतो!” इतकी वर्षं फोनवर कुणी तिला मागितलं की हेच सांगायचो, तोंडातून निघून गेलं. सगळं चर्च हसलं. मग हसायचं थांबलं.

बाहेर पायऱ्यांवर मी सोलरूनला म्हणालो, “अगं, पण ते बूट?” ती म्हणाली, “बाबा, आई त्या दिवशी गोठ्यात गेली ती बुटातच ना? तिथेच पडली. बूट काढायला घरात परत आलीच कुठे?”

मग मी आत जाऊन केकचे दोन तुकडे खाल्ले.

गुडघ्याला जपा. लोकर वेगळी पाठवतोय.

तुमचा,
ओद्दुर

ता. क. उन्नुरचं मनावर घेऊ नका. मधलं नाव हेर्दिस ठेवलंय. रुसवा केकचाच आहे.

आणखी एक ता. क. पत्रास कारण विशेष नाही असं वर लिहिलंय ते खोटं. ज्या नावासाठी एवढा जीव टाकला, त्या नावाने मला पोरीला हाक मारता येत नाही. तोंड उघडलं की नजर गोठ्याकडे जाते. सगळे मार्ग्रेट म्हणतात, मी अजून ‘पोरगी’च म्हणतो. मला तुमची बहीण भेटली तेव्हा ती चांगली मोठी होती, म्हणून मला फक्त मोठं नाव माहीत. ती पाळण्यात होती तेव्हा तुम्ही तिला काय म्हणायचात? तेवढं हवंय. लिहून पाठवू नका, कागदावरून सूर कळत नाही. मी गाडी घेऊन न्यायला येतो. या, आणि पाळण्याशी उभं राहून मला एकदा म्हणून दाखवा.