दंडावरचा कापूस

महदिया, १४ नोव्हेंबर

चि. दलीला हीस,
ताई मब्रूकाचा सलाम आणि अर्धाच आशीर्वाद. उरलेला अर्धा तुझ्या वागण्यावर.

फोनवर बोलायला लागले की तू कापतेस, म्हणून लिहितेय. तुमचा डायलिसिसचा वॉर्ड झाडणारी रादिया आली होती. म्हणाली, तुम्हा नर्सांना फ्लूची लस टोचायच्या दिवशी तू ती न घेताच दंडावर नुसता कापूस चिकटवून मोठ्या सिस्टरला दाखवलास. लाज नाही वाटली? आपले बाबा त्याच वॉर्डात यंत्राला हात देऊन पडतात आणि तू त्यांच्या तोंडावर वाकून सुई लावतेस! उमऱ्याच्या यात्रेला मक्केला निघालीस तेव्हा हीच लस मुकाट घेतलीस. तिथल्या परक्या गर्दीची काळजी, बापाची नाही?

बागेतली जैतुणं झाडांवरून उतरवायला माणसं मिळत नाहीत. लोभ असावा, असं आज लिहिणार नाही.
मब्रूका

स्फाक्स, १८ नोव्हेंबर

ती. ताईस दलीलाचा सलाम,
तुझा आरडाओरडा कागदातूनही ऐकू आला. अगं, मागे लस घेतली तर दोन दिवस अंग मोडून आलं होतं. मी झोपले तर ड्यूटी कोण करणार, तू? रोज खोकणाऱ्यांत राहून आमची शरीरं टणक झालीत. डॉक्टरसुद्धा घेत नाहीत. बाबांनी घेतलीय ना, झालं तर! त्यांना यातलं काही सांगू नकोस.

तुझ्या हातचा हरीसा, ती लाल मिरचीची चटणी, संपलाय, पाठव. रागाव, पण टाकू नकोस.
तुझी दलीला

महदिया, २२ नोव्हेंबर

दलीला,
बाबांसारख्या थकलेल्या अंगात लस नीट धरत नाही, हे तूच मला सांगितलंस ना? त्यांच्या शेजारच्या खाटेवरचे सालिहकाका फ्लूनेच गेले, तेव्हा फोनवर रडलीस. वॉर्डात तो आजार कुणी नेला, विचारलंस कधी स्वतःला? ती आजारी माणसं घर आणि खाट सोडून कुठे नाचायला जात नाहीत. तुझं टणक शरीर तुझ्यापाशी ठेव.

बाबांना फोन करून सगळं सांगितलंय. हरीसा मिळणार नाही.
मब्रूका

स्फाक्स, २६ नोव्हेंबर

ती. ताईस,
झालं तुझं समाधान? काल बाबा खाटेवर बसले आणि बाहीच वर करेनात. म्हणाले, आधी तुझी बाही, मग माझी. मी रागावले, विनवलं. यंत्राशिवाय घरी गेले तर अंगात पाणी भरून दम लागेल, हे त्यांनाही ठाऊक. तरी बाही घट्ट धरून बसले. पलीकडच्या आजीबाईंनीही आपली बाही खाली ओढली, मग तिसऱ्याने. सगळा वॉर्ड माझ्याकडे बघत होता. इतका राग मला जन्मात आला नव्हता, तुझाही आणि त्यांचाही.

मोठ्या सिस्टरला बोलावून सर्वांसमोर लस टोचून घेतली. मग बाबांनी हात पुढे केला.

दंड ठणकतोय. या वेळी कापूस खरा आहे. उरलेला अर्धा आशीर्वाद पाठव, हरीसाबरोबर.
दलीला